आधी पाणी, मग शौचालय : बेटांवरच्या शाळांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही पश्चिम बंगालमधील सुंदरबनाच्या एका बेटावरच्या प्राथमिक शाळेचे छायाचित्र छापले होते. छपरावर सौर पॅनेल चकाकत होते आणि त्याच चौकटीत, अंगणाच्या कडेला, शौचालयाच्या दाराला गंजलेले कुलूप लटकत होते. त्या छायाचित्राखाली आम्ही फारसे काही लिहिले नव्हते. वाचकांनी मात्र बरेच विचारले. त्यांतील निवडक प्रश्नांना, ग्रामीण भागातील सौर वीज आणि पाणीपुरवठ्याच्या कामांत बरीच वर्षे घालवलेले आमचे स्तंभलेखक येथे उत्तरे देत आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही कोलकात्यात स्थायिक झालेली दहा-बारा मराठी कुटुंबे आहोत. सुंदरबनातल्या गोसाबा ब्लॉकमधील एका बेटावरच्या शाळेला सौर संच आणि दोन शौचालये द्यावीत, असा आमचा विचार आहे. शाळेत सुमारे १४० मुले आहेत. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, कोलकाता)

उत्तर : सुरुवात पाण्यापासून करावी. आपल्या पत्रात सौर संच पहिला आहे, शौचालय दुसरे आहे आणि पाण्याचा उल्लेखच नाही. हा क्रम मला नवा नाही. छपरावरचे पॅनेल लांबून दिसते, त्याचे छायाचित्र निघते, त्याखाली देणगीदारांच्या नावांची पाटी लावता येते. टाकीपर्यंत पाणी चढवणाऱ्या इंचभर पाइपावर कोणी पाटी लावत नाही. परंतु शाळेतले शौचालय वापरात राहणार की त्याची अडगळीची खोली होणार, हे ठरवतो तो हा पाइप.

हे केवळ माझे मत नाही. २०१४ साली सर्व सरकारी शाळांत मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये वर्षभरात बांधण्याची मोहीम देशभर निघाली आणि केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपन्यांनी त्यांतील बराच भार उचलला. त्या कामाची महालेखापरीक्षकांनी पंधरा राज्यांत प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. २०२० साली संसदेपुढे आलेल्या त्या अहवालानुसार पाहिलेल्या शौचालयांपैकी सुमारे ७२ टक्क्यांमध्ये नळाच्या पाण्याची सोय नव्हती आणि सुमारे ३० टक्के शौचालये वापरातच नव्हती. न वापरण्याच्या कारणांत पाण्याचा अभाव आणि सफाईची व्यवस्था नसणे ही दोन कारणे ठळक होती. म्हणजे भिंती उभ्या राहिल्या, भांडी बसली, आकडेही सरकारदरबारी जमा झाले. राहिले ते पाणी.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका बेटावरची शाळा पाहायला गेलो होतो. दोन शौचालये होती, चांगल्या पांढऱ्या फरशा लावलेली. एकात तुटके बाक आणि चुन्याची पोती होती. दुसऱ्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात होती, कारण ते शिक्षकांसाठी राखलेले होते. हातपंप मैदानाच्या पलीकडे, दीडशेक पावलांवर. तिसरी-चौथीतली एक मुलगी दोन्ही हातांनी बादली धरून येत होती आणि दर दहा पावलांवर ती खाली ठेवत होती. पायरीपाशी पोचेतो तिच्या बादलीत चार तांबे पाणी उरले असेल, बाकीचे तिच्या फ्रॉकवर सांडले होते. ते पाणी बाक ठेवलेल्या खोलीसाठी नव्हते, शिक्षकांच्या शौचालयासाठी होते. मुख्याध्यापकांवर मी रागावलो नाही. शंभरावर मुलांनी पाण्याविना वापरलेले शौचालय चार दिवसांत काय होते, हे त्यांनी पाहिले होते आणि ते स्वच्छ करायला त्यांच्याकडे माणूस नव्हता. कुलूप हा त्यांना सुचलेला एकमेव उपाय होता.

तेव्हा सियालदहहून कॅनिंगची लोकल धरा, पुढे रस्त्याने गोदखाली आणि तेथून होडीने पलीकडे, असे एकदा पावसाळ्यात आणि एकदा चैत्रात जाऊन या. पावसाळ्यात शाळेच्या अंगणात पाणी किती चढते ते कळेल आणि चैत्रात हातपंपाला किती वेळ दांडा मारल्यावर पाणी येते ते कळेल. सुंदरबनात वरच्या थरांतले भूजल खारट असते; गोडे पाणी मिळते ते साधारण दोनशे ते तीनशे मीटर खोल गेलेल्या नळकूपांतून, म्हणजे बोअरवेलमधून. खोली ऐकून घाबरू नका. चिकणमातीच्या थरांखाली दाबात असलेले हे पाणी नळकूपात बरेच वर येऊन थांबते, त्यामुळे ते हाताने उपसता येते आणि लहानशा पंपानेही उचलता येते. शाळेजवळ असा चालू नळकूप असेल, तर निम्मे काम झाले. मात्र तो नळकूप पाड्यातल्या बायकांचाही असतो. त्याला पंप जोडून कुंपणाच्या आत घेतलात, तर पहिल्या महिन्यात भांडण आणि दुसऱ्या महिन्यात पाइप कापलेला, हे ठरलेले आहे. कुंपणाबाहेर गावासाठी एक तोटी ठेवावी. तिचा खर्च नगण्य आहे आणि त्या तोटीमुळे पंपाची राखण गावच करते.

नळकूप नसेल, तर शाळेचे छप्पर मोजा. या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून, पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी, वर्षाला सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी मिळू शकते. अडचण साठवणीची आहे, कारण हे पाणी मुख्यतः चार महिन्यांत येते आणि गरज बाराही महिने असते. म्हणून पावसाचे पाणी पिण्याला आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकाला, आणि शौचालयाला तळ्याचे, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी करावी लागते.

परवानगीचे विसरू नका. शाळा प्राथमिक शाळा परिषदेच्या अखत्यारीत असेल, तर तिच्याकडून लेखी संमती घ्या आणि ग्रामपंचायतीला तोंडी नव्हे तर पत्राने कळवा. आणखी एक साधी गोष्ट आधी पाहा : शाळेत विजेचा मीटर आहे का? गोसाबासह बऱ्याच मोठ्या बेटांवर आता तारेची वीज पोचली आहे. मीटर असेल, तर आपला संच निम्म्या आकाराचा पुरेल आणि उरलेले पैसे पाण्याकडे वळतील.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेचा विद्यार्थी आहे. अशा शाळेला किती किलोवॅटचा संच लागेल, हे कसे काढतात? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : वरच्या पत्रातील १४० मुलांची शाळाच उदाहरणाला घेऊ आणि तेथे तारेची वीज नाही असे धरू. चार वर्ग आणि एक कार्यालय, प्रत्येकी दोन पंखे आणि दोन एलईडी नळ्या. जुन्या पद्धतीचा पंखा पंचाहत्तर वॅट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. म्हणून पंख्यांवर थोडे अधिक पैसे खर्चणे म्हणजे पॅनेलवर बरेच वाचवणे होय. दहा पंखे मिळून तीनशे वॅट, वीस वॅटच्या दहा नळ्या मिळून दोनशे वॅट, एकूण पाचशे. साडेपाच तास चालले, तर पावणेतीन युनिट. शिकवण्यासाठी एखादा टीव्ही, त्याचे पाव युनिट. रात्रभर अंगणातला दहा वॅटचा दिवा, त्याचे आणखी थोडे.

आता पंप. मुलामागे रोज दहा लिटर धरले, तर १,४०० लिटर होतात. दोन हजार लिटरची टाकी घ्या. दोन हजार लिटर पाणी एकूण वीस मीटर चढवायला लागणारी ऊर्जा गणिताने काढलीत, तर ०.११ युनिट येते. लहान पंपाची कार्यक्षमता तीस टक्के धरली, तरी अर्धे युनिटही लागत नाही. हा आकडा आपल्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण शाळेत सर्वांत उपयोगी पडणारी वीज ही सर्वांत थोडी आहे.

बेरीज साडेतीन युनिटांच्या आसपास जाते. त्या अक्षांशावर एक किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ दिवशी साधारण चार युनिट देते आणि आषाढात त्याच्या निम्मेही देईल की नाही, अशी स्थिती असते. म्हणून ५४० वॅटचे तीन पॅनेल, म्हणजे सुमारे १.६ किलोवॅट, दक्षिणेकडे तोंड करून, बावीस अंशांच्या आसपास उतार देऊन बसवावेत. पावसाळी दिवसांत सगळे पंखे चालणार नाहीत, पण त्या दिवसांत ते लागतही नाहीत.

बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण वर्गात शिकलेले घरगुती गणित येथे उलटे लागू पडते. घराला वीज रात्री लागते, शाळेला दिवसा. सूर्य असताना पंखे पॅनेलवरच चालतात आणि बॅटरीने केवळ ढग आल्यावर हात द्यायचा असतो. अडीच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. शिसे-आम्लाची घेतली तर ती स्वस्त पडते, परंतु तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी वेळेवर घालावे लागते, ती निम्म्याहून अधिक रिकामी करता येत नाही आणि चार-पाच वर्षांत बदलावी लागते. पाण्यापुरते बोलायचे, तर बॅटरी लागतच नाही : दुपारच्या उन्हात टाकी भरून ठेवली की झाले. प्लास्टिकच्या टाकीइतकी स्वस्त आणि निर्धोक साठवण विजेच्या दुकानात मिळत नाही.

एक सूचना. शाळा हे मतदान केंद्रही असते आणि मुक्कामाला आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी चहाची दीड हजार वॅटची किटली खोचतोच. इन्व्हर्टरपासून वर्गांकडे जाणाऱ्या फाट्यावर योग्य क्षमतेचा एमसीबी, म्हणजे जादा भार पडला की आपोआप पडणारा खटका, बसवा आणि पंपाचा फाटा वेगळा ठेवा, म्हणजे किटलीने वर्गातली वीज गेली तरी पाणी थांबणार नाही.

प्रश्न : आमच्या गावात दोन शोषखड्ड्यांची शौचालये वीस वर्षे उत्तम चालली आहेत. मैला उपसणारी गाडी लागत नाही, खर्च थोडा. मग तेथे हीच पद्धत का नको? (एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : पद्धत तीच हवी, पण जमीन तीच नाही. आपल्याकडे जांभा आहे आणि उतार आहे. खड्ड्यात गेलेले पाणी झिरपून जाते, मैला मागे राहतो, एक खड्डा भरला की दुसरा सुरू होतो आणि दोनेक वर्षांत पहिल्याचे खत होते. सुंदरबनातली बरीच बेटे म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली गाळाची जमीन. आपल्या कोकणातील खारभूमी डोळ्यांपुढे आणलीत, तर अचूक कल्पना येईल; फरक इतकाच, की येथे खाजणामागे डोंगर असतो आणि तेथे अख्खे बेटच खाजण असते. उधाणाच्या भरतीला नदीचे पाणी शाळेच्या अंगणापेक्षा उंच असते आणि मधे केवळ मातीचा बांध असतो. अशा ठिकाणी जमिनीत मीटरभर खड्डा खणला, तर पावसाळ्यात तो खालूनच भरतो. चिकणमातीतून पाणी झिरपत नाही. श्रावणात असे शौचालय वापरायला गेलेल्या मुलाला भांड्यातले पाणी खाली जाण्याऐवजी वर येताना दिसते, आणि एकदा ते पाहिलेले मूल पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही.

उपाय असा, की खड्डा जमिनीच्या वर आणायचा. सिमेंटची कडी रचून खड्ड्याचा बराचसा भाग जमिनीवर ठेवायचा, भोवती अर्ध्या मीटरचे वाळूचे आवरण, त्याभोवती मातीचा भराव, तळ बंद, आणि शौचालयाची जोती त्याहून उंच. खड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान दहा मीटर दूर असावा, हा नियम आपल्याला ठाऊक असेलच. तेथे मी नळकूपापेक्षा तळ्याची काळजी अधिक करीन. खोल नळकूपाचे पाणी चिकणमातीच्या जाड थराखाली सुरक्षित असते. भांडी घासणे, आंघोळ आणि कित्येकदा तांदूळ धुणेही तळ्यावर होते आणि भरावातून झिरपलेले पाणी पहिल्यांदा तळ्यात उतरते. भरावासाठी माती तळ्याच्या काठावरूनच काढली जाते, त्यामुळे गवंडी सोयीसाठी खड्डा काठालाच बांधतो. त्याला तो बांधू देऊ नये.

जोती उंच झाली की पायऱ्या येतात. पाच पायऱ्या चढणे पहिलीच्या मुलाला ओल्या दिवसांत सोपे नसते आणि अपंग मुलाला अशक्य असते. म्हणून रॅम्प हवा. मीटरभर उंचीला बारा मीटर लांबीचा रॅम्प लागतो आणि ती जागा आराखड्यातच धरावी लागते. नंतर तो कोणी बांधत नाही.

सेप्टिक टँकचा आग्रह धरणारे गवंडी भेटतील. टाकी भरली की मैला उपसणारी गाडी लागते आणि ती होडीतून येत नाही. मग हाताने मैला उपसायला कोणाला तरी टाकीत उतरवले जाते, ते बेकायदा आहे, हे २०१३ च्या कायद्यापासून सर्वांना ठाऊक असूनही. दोन खड्ड्यांच्या पद्धतीचे खरे मोल येथे आहे. मूत्र आणि मैला वेगळे करणारे कोरडे शौचालय काही जाणकार सुचवतात. मोठ्या माणसांच्या घरात ते चालते. परंतु सहा वर्षांच्या मुलाने नेमक्या जागी बसून नंतर मूठभर राख टाकावी, ही अपेक्षा मी तरी प्राथमिक शाळेकडून करणार नाही.

एक बारीक गोष्ट. दोन खड्ड्यांच्या मधल्या कुंडीत एका बाजूचे तोंड विटेने किंवा चिंध्यांनी बंद केलेले असते. बांधणारा गवंडी गेला की ते कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि कित्येक ठिकाणी दोन्ही खड्डे एकदमच भरतात. कुंडीवरच्या भिंतीवर ‘हा खड्डा सुरू केल्याची तारीख’ एवढे बंगालीत ऑइलपेंटने लिहून घ्या. गवंड्याला ते अनावश्यक वाटेल. तरी लिहूनच घ्या.

प्रश्न : घारापुरीला समुद्राखालून तार नेऊन वीज दिली. प्रत्येक बेटाला तशीच का देत नाहीत? (एक वाचक, उरण)

उत्तर : घारापुरीला जगप्रसिद्ध लेणी आहेत आणि मुंबई डोळ्यांसमोर आहे. तरीही शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना तारेची वीज मिळायला फेब्रुवारी २०१८ उजाडले. तोवर संध्याकाळचे तीनेक तास जनित्र चाले. सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या समुद्राखालच्या तारेच्या त्या कामाला पंचवीस कोटींच्या घरात खर्च आला.

सुंदरबनाच्या भारतीय भागात १०२ बेटे सांगितली जातात आणि त्यांतील ५४ बेटांवर वस्ती आहे. तेथे तार येण्यापूर्वी जे झाले, ते पाहण्यासारखे आहे. सागर बेटावर कमलपूर येथे १९९६ साली पंचवीसेक किलोवॅटचे सौर केंद्र उभे राहिले आणि त्यातून संध्याकाळी काही तास घराघरांत वीज जाऊ लागली. पुढे बेटावर अशी आणखी केंद्रे झाली. १९९७ साली गोसाबात लाकूड जाळून वायू करणारे ५०० किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. ही कामे त्या काळात देशात अग्रेसर होती. पुढे ठरावीक मासिक रकमेत लोक एकाऐवजी तीन दिवे लावू लागले, बॅटऱ्या थकल्या, आणि मुख्य जाळ्याची तार आल्यावर त्यांतील बरीच केंद्रे मागे पडली. तार आली म्हणजे सौर वीज वाया गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. मुख्य जाळ्याच्या शेपटाला असलेल्या बेटावर वादळानंतर खांब उभे राहायला आठवडे जातात, आणि शाळेचा पंप तेवढे दिवस थांबू शकत नाही.

सागरच्या शेजारचे घोरामारा बेट नदीने गेल्या अर्धशतकात निम्म्याहून अधिक खाल्ले आहे. अशा बेटावर तार नेण्याचा प्रश्नच येत नाही आणि पक्के बांधकाम करतानाही दहा वेळा विचार करावा. तेथे पॅनेलची चौकट बोल्टने जोडलेली असावी आणि टाकी उचलून नेता येण्याजोगी असावी.

प्रश्न : मुली वयात येतात त्याच सुमारास शाळा सोडतात, असे ऐकते. शौचालय बांधून यात फरक पडतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : केवळ बांधून पडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि पिण्याचे सुरक्षित पाणी दोन्ही आहेत (गंमत अशी, की त्या यादीत वीज नाही). परंतु मुलींचे शौचालय म्हणून जे बांधले जाते, ते बहुधा मुलांच्याच नकाशाची दुसरी प्रत असते. तोटी दाराबाहेर असते. म्हणजे मुलीला पाण्यासाठी बाहेर यावे लागते आणि बाहेर वर्गातले मुलगे उभे असतात. तोटी आत हवी, तिच्याखाली बादली राहील एवढी जागा हवी, दाराला आतून कडी हवी, ओढणी आणि दप्तर अडकवायला खुंटी हवी. खिडकी डोक्याच्या वर हवी, पण उजेड येईल एवढी मोठी हवी. दार पत्र्याचे नको. खारट हवेत ते दोन वर्षांत खालून कुरतडल्यासारखे होते आणि मग आत उभ्या मुलीचे पाय बाहेरून दिसतात. फायबरचे दार घ्या, कडी-बिजागऱ्या साध्या पोलादी नव्हे तर स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

वापरलेल्या पॅडचा प्रश्न बेटावर अधिक अवघड असतो, कारण कचरागाडी नाही. ती भांड्यात टाकली की शोषखड्ड्याचा पाइप तुंबतो. झाकणाचा डबा आणि परसात विटांची लहान जाळण्याची भट्टी हा चालचलाऊ मार्ग आहे. धूर होतो, तो वर्गांच्या वाऱ्याला येणार नाही अशी जागा पाहावी लागते. धुऊन वापरायचे कापड घेणाऱ्या मुलींसाठी पुन्हा पाणीच लागते. मुख्य म्हणजे डबा कोणी रिकामा करायचा, हे एखाद्या शिक्षिकेशी आधी बोलून ठरवा. शाळेत शिक्षिकाच नसेल, तर पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांशी बोला. मुली त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात, आणि त्या कामाचे वेगळे पैसे त्यांना द्या.

प्रश्न : वादळात पॅनेल उडून जाणार नाहीत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बांधणी नीट नसेल, तर जातील. २० मे २०२० रोजी अंफान तेथे धडकले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १५५ ते १६५ किलोमीटर होता आणि झोत १८५ पर्यंत गेले. भारतीय मानकांनुसार त्या पट्ट्यासाठी धरायचा मूळ वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर आहे. कंत्राटदाराला चौकटीचे गणित या वेगाने करून मागा. पत्र्याच्या छपरावर पॅनेल लावणे टाळा, कारण वारा पॅनेलसकट पत्रा नेतो. स्लॅब असेल तर चौकट बुटकी ठेवा, लोखंड गरम जस्ताच्या लेपाचे घ्या आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या हवेत पहिला बळी चौकट नसते, नटबोल्ट असतात. वादळाची सूचना मिळाल्यावर पॅनेल उतरवण्याचा सल्ला कोणी देईल; त्या वेळी शाळेतल्या माणसांना दुसरी कामे असतात.

इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर ठेवू नका. २५ मे २००९ च्या आयलाने बांध फुटले आणि खारे पाणी शेतांत, तळ्यांत आणि घरांत दिवसेंदिवस राहिले. दुसरा मजला असेल तर तेथे, नसेल तर भिंतीवर छातीच्या वर फळी ठोकून ठेवा. नळकूपाचे तोंडही जोतीवर उचलून घ्या, म्हणजे पुराचे पाणी त्यात उतरणार नाही. वादळात शाळा हाच गावाचा आसरा असतो. १४० मुलांसाठी बांधलेली शौचालये तेव्हा पाच-सहाशे माणसे वापरतात आणि सगळ्या गावाचे मोबाइल शाळेत भारायला येतात. दहा-बारा सॉकेटची एक वेगळी फळी आधीच लावून ठेवलीत, तर इन्व्हर्टरला कोणी थेट तारा लावणार नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीचा सामाजिक निधी एका वर्षात खर्च करावा लागतो. पुढच्या वर्षांच्या देखभालीचे काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा प्रश्न पहिला यायला हवा होता. पॅनेल पंचवीस वर्षे चालते, इन्व्हर्टर आठ-दहा, बॅटरी जातीप्रमाणे चार ते दहा, तोटी एक वर्ष आणि झाडू तीन महिने. आपला निधी पॅनेल विकत घेतो, शाळेला नड लागते ती झाडूची. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक अनुदान मिळते. १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ते पन्नास हजार रुपये आहे आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे वर्षाला पाच हजार. त्यातून फिनेल आणि झाडू येतील, सफाई करणाऱ्या माणसाचा पगार निघणार नाही.

म्हणून एकूण रकमेचा चौथा हिस्सा यंत्रांवर खर्चूच नका. पुरवठादाराशी पाच वर्षांच्या देखभालीचा करार पहिल्याच वर्षी करून त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने सुटतील अशी व्यवस्था करता येईल का, हे आपल्या लेखाविभागाला विचारा. बेटावरच्याच एखाद्या तरुणाला शिकवा. होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करणारे हात तेथे असतातच आणि त्यांना इन्व्हर्टरचा फ्यूज बदलणे अवघड नाही. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या परत नेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनुसार उत्पादकावर आहे. होडीभाडे कोण देणार ते करारात लिहा, अन्यथा त्या तळ्याकाठी पडून राहतात.

प्रश्न : काम कोणत्या महिन्यांत करावे? (पहिल्याच प्रश्नाचे वाचक, कोलकाता)

उत्तर : मे आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे महिने आहेत, २०१९ चे बुलबुल नोव्हेंबरात आले होते. डिसेंबरात भातकापणी असते आणि मजूर मिळत नाहीत. संक्रांतीला गंगासागरची यात्रा असते, तेव्हा होड्या तिकडे वळतात. संक्रांतीनंतर फाल्गुन संपेपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे. सिमेंट, कडी आणि टाकी एकाच खेपेत आणा आणि भरतीची वेळ नावाड्याला विचारून निघा. ओहोटीला पोचलात, तर होडी जेटीपासून दूर थांबते आणि मधल्या मांडीभर चिखलातून सिमेंटची पोती डोक्यावरून न्यावी लागतात. त्याची मजुरी वेगळी पडते आणि दोन-चार पोती भिजतातच.